डॅबनीच्या बदल्यात दोन पोरं

मेम्फिस फेरीमेन हा बेसबॉलचा संघ सलग तिसऱ्या वर्षी तळाला होता, आणि या खेपेला तर तो ठरवून तळाला गेला होता. हरण्याचंही एक शास्त्र असतं, असं संघाचा कारभारी नेड हॉलोवेल म्हणायचा. कुणी विचारलं तर तासभर सांगायचा, आणि कुणी विचारलं नाही तर दोन तास. जुलैच्या अखेरीस त्यानं कर्ट डॅबनीला आपल्या खोलीत बोलावलं.

"ये, बस कर्ट. गुडघा काय म्हणतो?"

"तो काही बोलत नाही. तू बोल."

डॅबनी पस्तिशीचा, पहिल्या बेसवर उभा राहणारा, बैलाच्या मानेचा गडी. चौदा वर्षं याच एका संघात काढलेली. ऑक्टोबर उजाडला की देशातले वरचे संघ विजेतेपदासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. त्या दिवसांत डॅबनी दरवर्षी आर्कान्सातल्या आपल्या घरी कुंपण रंगवत असे. "आमच्या कुंपणात आता लाकूड कमी आणि रंगच जास्त," असं त्याची बायको डार्लीन पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे, डॅबनीही हसायचा, आणि मग आत जाऊन टीव्ही बंद करायचा. एकदा, फक्त एकदा, ऑक्टोबरात खेळायला मिळावं, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं. देव मात्र दुसऱ्याच संघांचा असावा.

"घर पडलंय म्हटल्यावर आधी भिंती घ्यायच्या," नेड सुरू झाला. "करार संपून मोकळे झालेले मोठे खेळाडू आज बाजारातून आणता येतात. मालक पैसे घेऊन तयारच आहे. पण छप्पर नसलेल्या घराला पडदे लावून काय करू? पाऊस आला की पडदे भिजणार. आपल्याला हवीत पोरं. एकोणीस-वीस वर्षांची, भुकेली. त्यातली बरीचशी वाया जातात, ते मला माहीत आहे. म्हणून तर ढिगानं आणायची. एखादं निघतंच."

"आणि ढीग आणणार कुठून?"

"तुला देऊन," नेड म्हणाला. लाजलाबिजला अजिबात नाही. "पोर्टलंड विचारतंय."

पोर्टलंड अव्वल होतं. पोर्टलंड ऑक्टोबरात खेळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डॅबनीनं चेहरा दगडासारखा ठेवला.

"माझ्या बदल्यात किती येतात?"

"दोन. एक बरा आहे, एक देवाच्या भरवशावर."

"अरे, गाय विकली तरी जास्त येतं."

"गाय दूध देते, कर्ट. तू गेल्या महिन्यात काय दिलंस?"

डॅबनीला हसू आलं. नेडचा राग यायचा तो यासाठीच, की तो खरं बोलायचा.

"आणि येफ्री?" डॅबनीनं विचारलं. "त्याला नाही ना देणार कुणाला?"

"आपला प्रशिक्षक ओटिस म्हणतो, तो घराचा खांब आहे. मी म्हणतो, इतक्या जोरात चेंडू टाकणारा हात म्हणजे पिकलेलं पीच. आज रस, उद्या डाग. पण सध्या मागणी तुला आहे. आता नीट ऐक. एकतीस तारखेला संध्याकाळी बाजार बंद होतो. तोवर अंगावर ओरखडा नको. पोर्टलंडचा डॉक्टर तुला तपासणार आहे. कुणी काही बोललं तर हस. कुणी थुंकलं तर पूस. कळलं?"

"कळलं," डॅबनी म्हणाला.

येफ्री अल्मोंते दक्षिणेकडच्या एका बेटावरचा डोमिनिकन, तेवीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी मेम्फिसला आला तेव्हा त्याच्याकडे एक बॅग होती आणि इंग्रजीचे चार शब्द, त्यातले तीन खाण्याचे. डॅबनीनं त्याला स्वतःच्या भाड्याच्या घरात वरची खोली दिली, गाडी शिकवली, आणि उरलेली इंग्रजी म्हणजे शिव्या शिकवल्या. येफ्री त्याला 'म्हाताऱ्या' म्हणायचा. त्याचा चेंडू ताशी शंभर मैलांनी यायचा, आणि तो कुठे पडायचा हे बहुतेक वेळा त्याला स्वतःला माहीत असायचं.

तीस तारखेला नॅशव्हिलशी लागोपाठ दुसरा सामना होता. एकाच राज्यातली ही दोन शहरं, म्हणजे एका गल्लीतली दोन कुत्री. त्यात आदल्या दिवशी डॅबनीनं एक चेंडू बॅटनं थेट प्रेक्षकांत टोलावला होता आणि तो जाताना उभा राहून डोळे भरून पाहिला होता. बेसबॉलमध्ये असं पाहत नाहीत. मारायचं, मान खाली घालायची आणि धावायचं. उभं राहून पाहणं म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. हे डॅबनीला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मेम्फिसमधला हा आपला शेवटचा होमरन असेल या विचारानं त्याचे पाय जागच्या जागी राहिले.

दुसऱ्या डावात नॅशव्हिलनं हिशोब केला. चेंडू सरळ डॅबनीच्या दोन खांद्यांच्या मधोमध बसला. धप्प असा आवाज वरच्या रांगांपर्यंत गेला. डॅबनीनं पाठ चोळली नाही. चोळली की समोरच्याला सुख मिळतं. तो दात खात, नियमानं मिळालेल्या पहिल्या बेसवर चालत गेला. तिथे नॅशव्हिलचा ब्रॉक मेझर उभा होता, दारात मावणार नाही असा आडदांड.

"काल फोटोसाठी थांबला होतास ना?" मेझर म्हणाला. "आज पाठीचा काढून घे."

डॅबनीच्या मुठी वळल्या. मग त्याला पोर्टलंड आठवलं. त्यानं हसून दाखवलं, आणि ते हसू त्याला पाठीवरच्या चेंडूपेक्षा जास्त लागलं.

डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांवर, सगळे पेटले होते. आपला माणूस चेंडूनं मारला की आपल्या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, त्यांचा एक मारायचा, हा कुठे न लिहिलेला पण सगळ्यांनी पाळलेला कायदा. चेंडू येफ्रीच्या हातात होता. पण म्हाताऱ्या प्रशिक्षक ओटिस प्रुइटनं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"काही करायचं नाही. कर्टला सांभाळायचंय. राडा झाला तर तो मैदानात असेल."

"पाठीवर मारलाय त्याला!"

"मी आंधळा आहे का, लेका? खाली बस."

येफ्री खाली बसला. डावामागून डाव तो मेझरला साधे चेंडू टाकत राहिला, आणि मेझर दर खेपेला त्याच्याकडे पाहून चुंबन फेकत राहिला.

सहाव्या डावात डगआउटचा फोन वाजला. ओटिसनं ऐकलं, ठेवला, आणि डॅबनीसमोर येऊन उभा राहिला. "झालं. ग्लव्ह दे."

जुलैच्या शेवटी चांगल्या माणसाला चालू सामन्यातून बाहेर काढलं की तो विकला गेला हे कुणाला सांगावं लागत नाही. पोरं एकेक करून उठली आणि त्याला मिठ्या मारू लागली. कॅमेऱ्यांनी ते टिपलं, आणि सगळ्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चौदा वर्षं हरणाऱ्या माणसाला असा निरोप मिळतो हे डॅबनीला माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

येफ्री सर्वांत शेवटी आला. "जिंकून ये, म्हाताऱ्या."

"माझ्यासाठी काही उद्योग करू नकोस," डॅबनी त्याच्या कानात म्हणाला.

"तू तर गेलास," येफ्री म्हणाला. "आता तुला कोण काय करणार?"

ओटिसनं डॅबनीला आत जाऊन अंघोळ कर म्हणून सांगितलं. त्यानं ऐकायला हवं होतं. पण त्याला येफ्रीचा एवढा डाव बघायचा होता, म्हणून तो शर्टाची बटणं सोडून कठड्याला टेकून उभा राहिला.

मेझर खेळायला आला. येफ्रीनं पहिलाच चेंडू टाकला आणि तो मेझरच्या बरगड्यांत घुसला.

मेझर वाकला. क्षणभर वाटलं, पडतो. मग त्यानं बॅट फेकली आणि रेड्यासारखा येफ्रीच्या अंगावर गेला. येफ्रीनं एक ठोसा मारला, तो मेझरच्या गळ्यावर बसला, पण तेवढंच. दोघे खाली आले, मेझर वर, येफ्री खाली. मेझरनं येफ्रीच्या उजव्या, चेंडू टाकायच्या दंडावर गुडघा रोवला आणि तोंडावर ठोसे घालायला सुरुवात केली. एक, मग आणखी एक, मग मोजायचं काम उरलं नाही. येफ्रीचा ओठ फाटला. रक्त त्याच्या दातांतून, नाकातून, कानाच्या मागून वाहत मातीत गेलं.

असा राडा झाला की दोन्ही संघांतला प्रत्येक माणूस मैदानात उतरतो. जखमी, म्हातारे, लांब कुंपणापाशी बसलेले, सगळे. जो बसून राहतो त्याच्याशी पुढे कुणी बोलत नाही. पण डॅबनी आता मेम्फिसचा नव्हता. तो बसून राहिला असता तर त्याला कुणीही नावं ठेवली नसती. ओटिस तर ओरडतच होता, "कर्ट! तू नाही! तू नाही!"

डॅबनी कठड्यावरून उडी मारून धावत सुटला होता.

त्याला फक्त तो गुडघा दिसत होता, येफ्रीच्या दंडावरचा. आणखी जोर पडला की हाड गेलं, आणि हाड गेलं की पोरगं परत बेटावर जाऊन उसाची गाडी ओढणार. त्यानं मागून मेझरची मान धरली आणि कानशिलात ठेवून दिली. मेझरचा कान फुटला. पण गुडघा हलला नाही. डॅबनीनं पुन्हा हात उगारला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाणला. नेमकी त्याच वेळी मेझरनं मान वळवली. त्याच्या डोक्यावर अजून हेल्मेट होतं.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. डॅबनीनं तो ऐकला, आणि त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. कळलं तरी तो थांबला नाही. त्यानं डाव्या हातानं मेझरचं नाक फोडलं, त्याला केसांनी धरून बाजूला ओढलं, आणि येफ्री मोकळा झाला. मग वीस-पंचवीस माणसांचा ढीग त्याच्या अंगावर कोसळला. कुणाच्या तरी बुटाचे खिळे त्याच्या मांडीत गेले, कुणी तरी त्याचा अंगठा चावला. त्या ढिगाखाली पडून डॅबनी गुरासारखा ओरडत होता. लोकांना वाटलं, मांडीमुळे.

"लेका, तू त्यांचा झाला होतास," ओटिस नंतर म्हणाला. त्याचेही डोळे लाल झाले होते. डॅबनीचा हात भोपळ्याएवढा सुजला होता. नेड खाली आला, हाताकडे पाहिलं, आणि फोन लावायला बाहेर गेला. पोर्टलंडनं अर्ध्या तासात नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॅबनी कपड्यांच्या खोलीत आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. येफ्री आपला कप्पा रिकामा करत होता. एक डोळा मिटलेला, ओठाला टाके.

"कुठे निघालास?"

येफ्रीनं वर पाहिलं नाही. "पोर्टलंड."

डॅबनीला आधी नीट ऐकूच आलं नाही. तोवर मागून नेड आला, आणि असा खुशीत की जणू लग्नघरातून येतोय.

"चार पोरं, कर्ट! चार! त्यातली दोन तर सोनं आहेत. तू हातचा गेलास, मग ते याच्यावर आले. काही सामन्यांची बंदी भोगेल आणि ऑक्टोबरात चेंडू टाकेल. त्यांना घाई होती, मी ताणून धरलं. खरं सांगू? तुझा हात मोडला ते संघाच्या पथ्यावरच—"

डॅबनीनं डावा हात त्याच्या गळ्याखाली घालून त्याला लोखंडी कप्प्यांवर आपटलं. नेडचा चष्मा उडाला. डॅबनीनं त्याला पुन्हा आपटलं, आणि मग उचलून धरलं. नेडचे पाय हवेत वळवळू लागले, चेहरा जांभळा पडला. डॅबनीला थांबायचं नव्हतं. या माणसाच्या तोंडून पुन्हा शब्द निघू नये एवढंच त्याला वाटत होतं.

"सोड, म्हाताऱ्या!" येफ्री त्याच्या पाठीला लटकला. "मरेल तो! सोड!"

डॅबनीनं सोडलं. नेड खोकत खोकत खाली बसला, मग भिंतीच्या आधारानं बाहेर गेला. खोलीत बाकीचे खेळाडू आपापल्या बुटांकडे पाहत होते.

"मला वाटलं, तू बाहेर आहेस," येफ्री म्हणाला. "तू बाहेर होतास म्हणून तर मी मारला त्याला. जाताना तुझ्यासाठी काहीतरी करायला नको?"

"केलंस की."

"आणि तू आला नसतास तर?"

"तर तुझा हात गेला असता, आणि मी आत्ता विमानात असतो."

"मग आलास कशाला?"

"विचार केला नव्हता. पाय निघाले."

येफ्रीनं बॅगेची चेन ओढली. ती अडकली, त्यानं पुन्हा ओढली. "आणि पुन्हा तसंच झालं तर?"

सगळ्यांचे कान तिकडे लागले होते. उत्तर काय द्यायचं असतं ते डॅबनीला पाठ होतं. चौदा वर्षं त्यानं तेच पोरांना शिकवलं होतं, आणि ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही. पण त्यानं येफ्रीच्या फाटक्या ओठाकडे पाहिलं, मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं, धडधाकट उजव्या हाताकडे पाहिलं, आणि ते बाहेर पडेना.

"बसून राहीन," तो म्हणाला.

येफ्रीनं मान हलवली आणि बॅग खांद्यावर घेतली. आपण रागाच्या भरात बोललो असं डॅबनीला वाटून घ्यायचं होतं. पण त्यानं मनात पुन्हा विचारलं, आणि उत्तर तेच आलं. येफ्री दारातून गेला, आणि डॅबनीनं डाव्या हातानं त्याचा रिकामा कप्पा लावून घेतला.