आलेख सहावा

आमच्या सरांचं एक वाक्य आहे: मोजा, मग बोला. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी खुर्ची मिळते आणि दुसऱ्या दिवशी हे वाक्य. मलाही मिळालं. माझी चूक एवढीच की मी ते मनावर घेतलं.

सर डेटाबेसवाले. माहितीच्या प्रचंड साठ्यातून हवी ती नोंद झटपट कशी शोधायची, हा त्यांचा विषय. त्यांनी शोधण्याची एक नवी पद्धत काढली, ती जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी वेगवान आहे असं दाखवलं आणि त्या जोरावर त्यांना मोठ्या खिडकीची खोली मिळाली. माझी पीएच.डी. त्याच पद्धतीवर. शिडी सरांनी उभी केलेली, मला फक्त वरच्या दोन पायऱ्या ठोकायच्या होत्या.

ठोकायला गेले तर शिडीच हलली.

झालं असं की, मोजणीचा प्रोग्राम सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलेला होता आणि आम्ही सगळे डोळे मिटून तोच वापरत होतो. त्यात घड्याळ लावण्याआधी एक ओळ होती: प्रत्येक प्रश्न मशीनला आधी एकदा विचारून घ्या. आता मशीनला खोड असते, नुकतं वाचलेलं ते हाताशी ठेवतं. तेच पुन्हा विचारलं की ते शोधत नाही, नुसतं आठवतं. आम्ही याला मशीन गरम असणं म्हणतो. मी ती ओळ काढली, मशीन बंद करून चालू केलं आणि थंड मशीनवर मोजलं. सरांची पद्धत जुन्या पद्धतीच्याही मागे पडली.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा मोजलं. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला त्याच्या मशीनवर मोजायला लावलं. त्या सहकाऱ्याला आम्ही बॅकअप म्हणतो, कारण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात, छत्रीच्यासुद्धा. त्याने आकडे पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"आकडे खरे आहेत," तो म्हणाला. "पण तू मला दाखवले नाहीस आणि मी पाहिले नाहीत."

"घाबरट."

"घाबरटच. माझ्या प्रबंधावर अजून सरांची सही व्हायची आहे. तुझ्याही."

याच पद्धतीवरचा आमचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, परिषदेला पाठवायची मुदत जवळ आली होती. मी थंड मशीनचे आकडे आलेख सहावा म्हणून पेपरात घातले आणि सरांकडे वाचायला दिला. सरांनी पहिले पाच आलेख मान डोलवत पाहिले.

"हा सहावा काय आहे?"

"थंड मशीनवरची मोजणी, सर."

"थंड मशीनवर कोण मोजतं?"

"मी."

सर हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले. "हे बघ, काम उत्तम झालंय. एवढा एक आलेख काढ आणि पाठव."

"तो काढला तर उरलेला पेपर खोटा ठरतो, सर. लोक रोज नवे प्रश्न विचारतात, तेव्हा मशीन थंडच असतं. आणि हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही, हे मला कळत नाही."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलेला शब्द परत येतो थोडाच! सरांनी कागद माझ्याकडे सरकवले.

"मग माझं नाव काढ त्याच्यावरून. बघू या, माझ्या नावाशिवाय तुझा पेपर कोण वाचतं. आणि प्रबंधावर सही कोण करतं, तेही बघू."

मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध म्हणजे रद्दीचा गठ्ठा. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या गठ्ठ्यात होती. मी घरी आले आणि कपाटातले कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घालायला लागले. संताप आला की मी घड्या घालते. माझी नणंद आमच्याकडेच राहते, दातांची डॉक्टर आहे. ती दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, आज इस्त्रीचे कपडेपण सोडले नाहीस. कोणाचा खून करायचाय?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडूही आलं, कारण सरांवर माझा खरंच जीव होता. मोजायला त्यांनीच शिकवलं होतं.

"पण मला एक सांग," ती म्हणाली, "तूच मागे म्हणाली होतीस ना, पेपर तपासणाऱ्यांना लेखकांची नावं दिसतच नाहीत म्हणून? वशिला नको म्हणून नावं झाकतात?"

"हो."

"मग त्यांचं नाव असलं काय नि नसलं काय! बुरख्याच्या आत लिपस्टिक लावली काय, नाही लावली काय!"

मी हातातली उशीची खोळ तशीच धरून बसले. आमच्या धंद्यातलं बारकं पोरही जाणतं ते ना सरांना रागात आठवलं, ना मला. दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या आत, परिषदेच्या पानावर लेखकांच्या रकान्यात मी माझ्या एकटीचं नाव लिहिलं. हितसंबंध असलेल्या व्यक्ती कोण, या रकान्यात सरांचं घातलं, म्हणजे पेपर तपासायला त्यांच्याकडे जायला नको. बॅकअप मागून बघत होता. मी बटण दाबलं तेव्हा तो म्हणाला, "प्रत ठेवली आहेस ना?"

पुढे सर माझ्याशी कामापुरतंही बोलेनात. सहीसाठी दिलेला प्रबंध त्यांच्या टेबलावर तसाच पडून राहिला, त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं. तेवढ्यात तपासणाऱ्यांची मतं आली. दोघांना पेपर आवडला होता. तिसऱ्याने लिहिलं होतं: ही पद्धत वेगवान आहे, हे सर्वमान्य आहे. लेखकांना मोजता येत नसावं.

उत्तर द्यायला एक पान मिळतं. मी एवढंच लिहिलं: प्रोग्राम सोबत जोडला आहे. कृपया मशीन बंद करून चालू करा आणि मग मोजा.

"'कृपया' कशाला घातलंस?" बॅकअपने विचारलं.

"शोभेला."

तिसऱ्याने खरंच मोजलं. पेपर स्वीकारला गेला, आणि बातमी माझ्याआधी सरांच्या खोलीत पोचली. त्यांनी मला बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"छान झालं. आता अंतिम प्रत जाईल, त्यावर नावं असतात. माझं राहून गेलं होतं, ते घाल."

"राहून नव्हतं गेलं, सर. तुम्ही काढायला लावलंत. आणि मुदतीनंतर लेखक बदलता येत नाहीत, परिषदेचा नियम आहे. नसता तरी घातलं नसतं."

मी अंतिम प्रत त्यांच्यापुढे ठेवली. "तुमचं नाव शेवटी आहे. आभारात."

त्यांनी वाचलं: 'मोजा, मग बोला' हे ज्यांनी शिकवलं, त्या माझ्या सरांची मी ऋणी आहे. खाली त्यांचं पूर्ण नाव. सरांचे कान लाल झाले.

"हे वाक्य काढ."

"आलेख काढला नाही, वाक्य काय काढणार!"

 सर प्रबंधाकडे बोट करून म्हणाले, "त्यातही तो आलेख सहावाच आहे?"

"नाही, सर. त्यात पहिला आहे."

मला वाटलं, आता गठ्ठा अंगावर येतो. सर उठले, पण खोलीतल्या मशीनपाशी गेले.

"बंद कर हे. आणि माझ्यासमोर चालू कर."

मी बंद केलं, चालू केलं, मोजणी लावली. आम्ही दोघं उभेच होतो. आकडे आले, तेच आले. सर खाली बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं थकलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला वाईट वाटलं, पण आकडा बदलावा असं वाटलं नाही. त्यांनी चहाचा डाग असलेला प्रबंध ओढला आणि सही केली.

दरवेळी अशा सहीनंतर विद्यार्थी वाकून नमस्कार करतात. मी प्रबंध उचलला, छातीशी धरला आणि ताठ मानेने बाहेर आले. सही मोजून मिळाली होती, मागून नव्हे.