चाकांच्या मधली जागा

"थांबव, केवल. थांबव जरा."

गॅरेजवाल्या केवलरामने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं. झामसिंग बिसेन मागच्या पलंगावर उताणा पडला होता. एक हात खिडकीच्या गजाला, दुसरा पलंगाच्या कडेला. आमगावबाहेरचा हा रस्ता राइस मिलच्या ट्रकांनी खणून काढला होता. झामसिंगने तो आयुष्यभर तुडवला होता, पण स्टिअरिंगवर बसून. पाठीवर पडून कधीच नाही.

"का झालं, भाऊ?"

"काई नाई. अजून एकडाव घे. त्याच खड्ड्यातून."

"लागन तुमाले."

"घे म्हनलं ना."

पुढची चाकं खड्ड्यात गेली तेव्हा काही विशेष वाटलं नाही. मग मागची गेली आणि अंगाखालून पलंगच निघून गेला. क्षणभर झामसिंग अधांतरी होता. मग खालून पलंग वर आला आणि कमरेवर आदळला. दातांवर दात आपटले. केवलरामने गाडी थांबवली, तरी तो बराच वेळ उठला नाही. छताकडे पाहत पडून राहिला.

ही त्याच्या बायकोची, दुलारीची जागा होती.

झामसिंगने उभं आयुष्य एसटी चालवली होती. निवृत्त झाला त्या दिवशी गळ्यात हार घालून घरी आला, तेव्हा दुलारी म्हणाली होती, "साऱ्या दुनियेले फिरवलं तुमी. मी आमगावचा बजार सोडून का पायलं?" तो हसला नव्हता. कुठल्याशा शाळेने काढून टाकलेली जुनी गाडी त्याने घेतली, बाकं उपटली, आत पलंग ठोकला, पाण्याची टाकी बसवली, गॅसची शेगडी ठेवली. गावातली पोरं तिला 'घरगाडी' म्हणायला लागली. पलंग अगदी मागे, कारण मागच्या दाराला मोठी काच होती आणि दुलारीला मागे पडत जाणारा रस्ता बघायला आवडायचा. त्या गाडीने दोघं पचमढीला गेली, रामटेकला गेली, नवेगाव बांधच्या तळ्याकाठी आठ-आठ दिवस राहिली. झामसिंग गाडी हाकायचा, दुलारी मागे पडून असायची. तिची कधी काही तक्रार नव्हती.

या वर्षी नवरात्र झाल्यावर अमरकंटकहून परतताना एका गावात रंग न मारलेला गतिरोधक आला. झामसिंगला तो दिसायला उशीर झाला. मागून एक आवाज आला, फार मोठा नाही. "लागलं का?" त्याने विचारलं. "नाई," दुलारी म्हणाली. घरी पोचल्यावर तिला पलंगावरून उठताच येईना.

गोंदियाला फोटो काढले. मणका दबला होता, हाडाचा तुकडा आत नसेकडे सरकला होता. हाडं आधीच पोकळ झालेली. ऑपरेशन नागपूरला करावं लागणार होतं, आणि तिथवर नेताना तिला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. धक्का बसला तर पाय जाऊ शकतात.

मुलगी भूमेश्वरी आईजवळ राहायला आली होती. तिने ॲम्ब्युलन्स ठरवली. दुलारीने नाही म्हटलं. गोंदियाला जातायेता ॲम्ब्युलन्सच्या लोखंडी स्ट्रेचरवर ती तोंडात पदर कोंबून रडली होती.

"मी आपल्या गाडीनं जाईन," ती म्हणाली. "नाई तं जातच नाई."

"माय, तुले समजते का?" भूमेश्वरीचा आवाज चढला. "त्याच गाडीनं तुजी पाठ मोडली. बाबूजी, तुमी तरी सांगा इले."

दुलारीच म्हणाली, "तो ॲम्ब्युलन्सवाला मले ओरखत नाई. हे ओरखतात."

भूमेश्वरी उठून अंगणात गेली. बापाशी ती त्यानंतर दोन दिवस कामापुरतंच बोलली.

म्हणून आज सकाळी झामसिंग गाडी घेऊन केवलरामच्या गॅरेजात आला होता. आणि म्हणून त्याला त्या पलंगावर पडून बघायचं होतं.

"हा पलंग चुकीच्या जागी हाये, भाऊ," केवलराम म्हणाला. "मागच्या चाकाच्याई मागं. तिथं सगळ्यात जास्त उडते. एसटीत मागचा बाक नाई का?"

झामसिंगला ते ठाऊक होतं. मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना तो स्वतः पुढे बोलावून बसवायचा. केवलरामकडे न बघता तो म्हणाला, "मधात घेऊ."

दोघांनी मिळून पलंग उचकटला आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध बसवला. केवलराम गाडीखाली सरकला. चाकांवरच्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. ते घसरतच नव्हते, सगळे मिळून एकच जाड लोखंड झालं होतं. त्याने ते सुटे केले, घासले, ग्रीस लावलं. रबराचे बुश बदलले, चारी शॉकअप नवे टाकले. मग खालचा जाड पाटा हातात घेऊन बसला.

"हा काढला तं गाडी नरम होईल. लहान खड्डे समजनार नाई वहिनीले. पन एखादा मोठा भेटला ना भाऊ, तं कमान पुरी दबन. मंग लोखंडावर लोखंड. तो हादरा साधा नाई राहनार."

"तू काढ. मोठा मी चुकवीन."

"सगळे चुकवता येतेत का?"

केवलरामने पाटा बाजूला ठेवला.

मागच्या चाकांवर वजन हवं म्हणून धानाची पोती ठेवली. चाकांतली हवा थोडी कमी केली. पलंगावर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा थर, त्यावर फोम, त्यावर दुलारीची गोधडी. संध्याकाळी झामसिंग पुन्हा त्यावर झोपला आणि केवलरामला त्याच रस्त्यावरून गाडी न्यायला लावली. या वेळी खड्डा आला आणि गेला. पाळण्यासारखं झालं. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण हे आधीच करता आलं असतं, एवढंच मनात येत राहिलं.

घरी आल्यावर त्याने दुलारीला विचारलं, "तिकडं मागं एवडं उडत होतं, तं बोलली काऊन नाई कधी?"

"बोलली असती तं तुमी गाडी इकली असती."

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते निघाले. चौघांनी गोधडीसकट उचलून दुलारीला गाडीत ठेवलं, कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधले. भूमेश्वरी पलंगाजवळ खाली बसली. तिचा नवरा वीरेंद्र ड्युटी संपवून रेल्वेने परस्पर नागपूरला येणार होता. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगून ठेवली होती: अधूनमधून पायाची बोटं हलवून बघा.

आमगावचं रेल्वे फाटक आलं. झामसिंगने गाडी चालण्याच्या वेगावर आणली. एकेक रूळ एकेका चाकाखालून गेला.

"बोटं?" त्याने पुढूनच विचारलं.

"हालली," भूमेश्वरी म्हणाली.

मागच्या मोटारी हॉर्न वाजवत होत्या. त्याने आरशात पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत होतं, बांध्यांवर दव होतं. त्याचे डोळे फक्त डांबरावर होते. प्रत्येक ठिगळ, प्रत्येक सावली. झाडाची सावली आणि खड्डा लांबून सारखेच दिसतात. शंका आली की तो ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचा, ब्रेकवर शक्यतो पायच ठेवायचा नाही. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते आणि झोपलेलं माणूस पुढे सरकतं.

"बोटं?"

"हालली."

देवरीला महामार्ग लागला. भूमेश्वरीने आईला चमच्याने पाणी पाजलं. दुलारीने डोळे मिटले होते. "दुखते का?" भूमेश्वरीने विचारलं. "नाई," ती म्हणाली. भूमेश्वरीला त्या 'नाई'चा भरवसा नव्हता. तिने पाय उघडे करून ठेवले आणि नजर त्यांच्यावरच ठेवली.

जंगलाचा चढउतार झाला, कोहमारा मागे पडलं. झामसिंगच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. सौंदडच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं आणि वाहनं बाजूच्या कच्च्या वाटेने सोडली होती. समोर कोंड्याच्या पोत्यांनी फुगलेला एक ट्रक. त्याच्या मागे तो अंतर ठेवून चालला होता. ट्रक उजवीकडे वळला तेव्हा त्याला समोर दोन गोष्टी एकदमच दिसल्या: डावीकडे पाणी साचलेला खड्डा, आणि उजवीकडून ट्रकला वळसा घालून अंगावर येणारी मोटरसायकल. पुढे पुरुष, मागे कडेवर लेकरू घेतलेली बाई.

उजवीकडे जायला जागा नव्हती. करकचून ब्रेक दाबला असता तर गाडी थांबली असती, आणि दुलारी पट्ट्यांत पुढे फेकली गेली असती. त्याने ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलेटरवरचा पाय काढून वेग मरेल तेवढा मरू दिला आणि डावं चाक पाण्यात जाऊ दिलं.

खड्डा पाण्याने दाखवला त्याहून खोल होता. खालून लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज आला.

मोटरसायकल निघून गेली. झामसिंगने गाडी थांबवली. हात स्टिअरिंगवरच होते.

"बोटं?"

मागून उत्तर आलं नाही.

"भूमे. बोटं?"

"उजवी हालली," भूमेश्वरी म्हणाली. मग आईच्या कानाशी वाकून, "माय, डावी हालव. डावी."

"हालवून राहिली ना," दुलारी म्हणाली.

भूमेश्वरी त्या पायाकडे बघत होती. तो पाय तसाच पडून होता. तिने अंगठ्याला चिमटा काढला. दुलारीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

झामसिंग खाली उतरला, चाकाशी वाकला. कमान शाबूत होती. गाडीला काही झालं नव्हतं. तो तिथे उकिडवा बसून राहिला. आजूबाजूने वाहनं जात होती, धूळ उडत होती. उठायचं त्याला सुचत नव्हतं. गाडीच्या खिडकीतून दुलारीचा आवाज आला.

"अजी. चाला. थांबून का होते?"

तो उठला. गाडीत बसला. दोन्ही हात एकदा मांडीवर घट्ट दाबून धरले आणि गाडी सुरू केली.

पुढचा रस्ता त्याने कसा काढला ते त्याला नंतर आठवलं नाही. आता घाईही हवी होती आणि धक्काही नको होता. त्याने बोटं विचारणं बंद केलं. भूमेश्वरीच आपणहून सांगत राहिली, "उजवी हालली." साकोली गेली, भंडारा गेलं. "उजवी हालली, बाबूजी." दोन दिवसांत तिने त्याला पहिल्यांदाच बाबूजी म्हटलं होतं.

दुपारच्या आत दुलारी ऑपरेशनच्या टेबलावर होती.

सर्जन बाई तरुण होत्या. संध्याकाळी बाहेर आल्या आणि बाकावर झामसिंगच्या शेजारीच बसल्या. तुकडा काढला होता, मणक्याला आधार दिला होता. उजवा पाय चांगला होता. डाव्यात संवेदना परत यायला लागली होती, पण पाऊल वर उचलणं कितपत जमेल ते आत्ताच सांगता येणार नव्हतं.

"त्या खड्ड्यानं झालं का हे?" झामसिंगने विचारलं.

"सांगता येत नाही, काका. तुकडा दाबतच होता. घरी पलंगावर असतानाही झालं असतं."

"पन खड्ड्यानं झालं असन तं?"

"असू शकतं," त्या म्हणाल्या.

झामसिंगने मान हलवली. खोटं न बोलल्याबद्दल त्याला त्या बाईंविषयी बरं वाटलं.

वीरेंद्रने आणलेला चहा भूमेश्वरीने बापाच्या हातात दिला आणि ती शेजारी उभी राहिली. "ते लेकरू मी पायलं होतं," ती म्हणाली. "खिडकीतून." त्याने अर्धा चहा तिला परत दिला.

दुलारीला घरी सोडलं तेव्हा धान कापून झालं होतं. वॉकर धरून ती चार पावलं टाकत होती. डावं पाऊल जमिनीवर घासत यायचं. गाडी दवाखान्याच्या दाराशी आली. झामसिंगने किल्ली वीरेंद्रच्या हातात दिली.

"मी, बाबूजी? एवडी मोठी गाडी?"

"ब्रेकवर पाय कमी ठेव. होते सगळं."

भूमेश्वरी नवऱ्याशेजारी पुढे बसली. झामसिंग मागे चढला आणि पलंगाजवळ खाली, धानाच्या पोत्याला पाठ टेकून बसला. तिथून त्याला पुढचा रस्ता दिसत नव्हता. इतकं लांब तो पहिल्यांदाच न दिसणाऱ्या रस्त्यावरून चालला होता. त्याने दुलारीचं डावं पाऊल दोन्ही तळहातांवर घेतलं. गाडी हलली की हात खाली-वर होऊ द्यायचे, पाऊल जागच्या जागी ठेवायचं. बराच वेळ हेच चाललं. भंडारा गेलं असावं. मनगटं भरून आली.

"सोडा ना," दुलारी म्हणाली. "दुखन तुमचे हात."

"राहू दे."

चाकांखाली रस्त्याचा एक सांधा आला, मग दुसरा. दुलारीने डोळे मिटले होते.

"साकोलीचा पूल," ती म्हणाली.

"तुले कसं मालूम? तू तं पाहून नाई राहिली."

"पाठीले मालूम."

झामसिंग अर्धवट उठला आणि काचेतून बाहेर बघितलं. साकोलीचाच पूल होता. तो पुन्हा खाली बसला, पाऊल तळहातांवर घेतलं.

"आता थोडा चांगला रस्ता हाये," दुलारी डोळे न उघडता म्हणाली. "मंग सौंदड. सांगीन मी तुमाले."