बेचाळीसावं पान

"फेटा जरा सैल बांधा की! डोकं हाय, नारळ न्हाय," महापौर उदयसिंह सरनोबत करवादले. सकाळपासून हे तिसरं उद्घाटन. पतसंस्था झाली, जिम झाली, आता चौकातलं कारंजं.

तेवढ्यात गर्दी सारत बायडाबाई पुढे आली. रस्तारुंदीत तिची पिठाची गिरणी जात होती आणि ती वाचवायचा पालिकेविरुद्धचा दावा वकील म्हणून सरनोबतांनीच बारा वर्षं चालवला होता. पण पालिकेत निवडून आलेल्याला पालिकेविरुद्ध उभं राहता येत नाही, म्हणून त्यांनी वकीलपत्र सोडलं. सोडताना छाती ठोकून म्हणाले होते, "महापौर झालो की एका सहीत मिटवतो बघा, मावशी."

"वकीलसाहेब, आज शेवटची तारीख हाय," बायडाबाई म्हणाली. "नवा वकील हायकोर्टाच्या सर्किट बेंचात अडकलाय म्हणं. तुमची ती सही कुठं गेली?"

सही! सरनोबतांचं डोकंच तडकलं. आयुक्तांना तीन पत्रं धाडली, तिन्हींना एकच उत्तर आलं: प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. कारभार सगळा आयुक्तांचा. महापौराच्या हाती फक्त कात्री, आणि तीही फीत कापली की संयोजक परत घेतात. बडा घर, पोकळ वासा!

"चला, बसा गाडीत. मी येतो," ते म्हणाले. कारंजं तसंच राहिलं.

कोर्टात त्यांना बघून शिपाईसुद्धा हरखला. न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "सरनोबत, आपण कुणातर्फे?"

वकिलीच्या बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पालिकेची वकील तेजस्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती अदबीनं उठली आणि आपल्या शेजारची खुर्ची सरकवत म्हणाली, "सर, आपण इकडं बसायचं." ते बसले.

"माझं मीच सांगीन," बायडाबाई उभी राहिली. बोललीही खणखणीत. गिरणी तिच्या नवऱ्यानं कशी घातली, त्या गिरणीवर दोन पोरी कशा उजवल्या.

"बाई, ते ठीक आहे. पण रस्त्याचा नकाशा मंजूर व्हायच्या आधीची गिरणी, हे कशावरून?" न्यायाधीशांनी विचारलं. "कागद आहे का?"

"हाय की!" म्हणत तिनं फाईल उघडली. अक्षरओळख नसलेली बाई ती. चार पानं उलटली आणि सवयीनं सरनोबतांकडे वळली.

बेचाळीसावं पान, वीजजोडणीचा दाखला. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. पण तोंडून एक शब्द गेला असता तर तेजस्वीनं हरकत घेतली असती, उद्या पेपरात आलं असतं, पद गेलं असतं. पदाचे अजून चार महिने बाकी होते. सरनोबतांना स्वतःची किळस आली. तरी त्यांनी मान खाली घातली.

बायडाबाईनं फाईल मिटून पदराखाली घेतली.

"लिहा," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले, "वादीला अधिक काही सांगायचं नाही."