बारा इंची दुर्बिणीची पूजा

आमच्या ह्यांनी दुर्बीण निवडायला चार वर्षं घेतली. बायको एका संध्याकाळी निवडली होती, तीही चहा संपायच्या आत.

हे म्हणजे कृष्णकांत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम सक्करदरा. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर शनीची कडी शेकडो वेळा काढली, खरी एकदाही पाहिली नाही. ती पाहायची, एवढीच माझी हौस. पण पृथ्वीवरून बघताना ती दरवर्षी बारीक होत चालली होती, आणि २०२५च्या मार्चात आडवी होऊन दिसेनाशीच होणार होती. पुन्हा नीट उघडायला काही वर्षं लागणार, आणि मी तर सत्तरीला टेकलेली.

ह्यांना मात्र घाई नव्हती. पहिलं वर्ष आठ इंची की दहा इंची यातच गेलं. दुसऱ्या वर्षी ह्यांच्या दुर्बीणवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की ताऱ्यांचे फोटो काढायचे तर त्यांच्या चालीने फिरणारा स्टँड लागतो. ह्यांनी आजवर काढलेल्या प्रत्येक फोटोत पाहुण्यांची मुंडकी छाटलेली. पण आता तेजोमेघ टिपायचे होते. तिसऱ्या वर्षी फोटोचा नाद सुटला आणि बारा इंचीचा लागला. त्याच ग्रुपमधले कन्हानचे धर्मेंद्रभाऊ स्वतःची लहानशी दुर्बीण घेऊन दारात आले, तर ह्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. वर मलाच म्हणाले, "लहानीतून पाहशीन तं मोठीची मजा जाईन." मी नुसती चरफडले.

२०२४च्या डिसेंबरात एकदाची ती आली. गच्चीवर उभी केली. वर उघडं तोंड, तळाशी आरसा. हे पेचकस आणायला खाली गेले. आता खोटं कशाला बोलू? घरात फ्रिज आला, स्कूटी आली, मिक्सर आला, प्रत्येकाला मी हळदकुंकू वाहिलं. सवयीने हिलाही वाहिलं, अक्षता टाकल्या त्या तोंडातूनच. तळाशी टणटण वाजलं.

हे वर आले, नळीत डोकं घातलं आणि ओरडले, "हे काय केलं वं! लोकं या आरशाले बोट नाई लावत, अन् तू कुंकू टाकलं! आता नवा मुलामा द्याले पाठवा लागते."

"किती दिवस?"

"तीन महिने तं लागतेच."

तीन महिन्यांनी शनी सूर्याआड, कडी गायब. माझं डोकंच फिरलं. "मी आजच पाहीन. कुंकवासगट पाहीन."

"डाग दिसतीन शनीवर!"

"दिसू द्या."

संध्याकाळी सात वाजता ह्यांनी नेम धरायच्या छोट्या नळीतून बघत रागारागात मोठी नळी शनीकडे वळवली आणि मोठीतून स्वतः न बघता कठड्याला टेकून उभे राहिले. मी डोळा लावला. ना कुंकू, ना तांदूळ; आरशावरचं काही चित्रात उतरतच नाही, हे तेव्हा कळलं. पिवळसर गोळा आणि त्याला बारीक, अगदी बारीक कडी. इतकी सुंदर की मला रडू आलं. धर्मेंद्रभाऊंच्या दुर्बिणीतून ती तेव्हा याहून कितीतरी रुंद दिसली असती, म्हणून रागही आला.

"दिसते का?" मागून आवाज.

"दिसते."

"डाग?"

"एकही नाई."

हे लगबगीने जवळ आले. "सरक, मले पाहू दे."

शनी हळूहळू भिंगाच्या कडेला चालला होता. मी नळीला बोटाने धक्का दिला, तसा तो परत मधोमध आला.

"चार वर्षं मी थांबली," डोळा न हलवता मी म्हटलं. "आता तुम्ही थांबा."