आधी डिले, मग ॲम्प

रेकॉर्डिस्टच्या डोळ्यांत ताईचं पेडल पहिल्या दिवसापासून खुपत होतं. पेडल म्हणजे पायाने दाबायची वीतभर डबी. गिटारचा सूर ती आत घेते आणि थोड्या थोड्या वेळाने तोच पुन्हा पुन्हा ऐकवते. त्याला डिले म्हणायचं. आता चारचौघांची रीत अशी, की सूर आधी ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीत, जाऊन चांगला खरखरीत होऊ द्यायचा आणि मग त्याचे प्रतिध्वनी पाडायचे, म्हणजे ते सुटे सुटे ऐकू येतात आणि शहाण्यासारखे विरून जातात. ताईचं सगळं उलटं. तिचा डिले आधी आणि ॲम्प नंतर, तोही पार फाटेपर्यंत चढवलेला. मूळ सूर आणि त्याची सगळी पिल्लावळ एकदमच ॲम्पमध्ये घुसायची आणि एकमेकांच्या उरावर बसायची.

"चिखल झालाय नुसता," रेकॉर्डिस्ट स्टुडिओच्या काचेपलीकडून म्हणाला.

"झालाय ना? मग बरोबर आहे," ताई म्हणाली. "चल, घे टेक."

"ताई, पेडल ॲम्पच्या मागून जोडू या. दोन भोकं दिली आहेत बघा त्यासाठीच. दोन मिनिटांचं काम आहे."

"भोकं दिली म्हणून त्यात काहीतरी घातलंच पाहिजे का?"

रेकॉर्डिस्ट वयाने लहान, कामात हुशार आणि आपण हुशार आहोत याची पूर्ण कल्पना असलेला. त्याने ताईशी वाद घातला नाही. नुसतं शेजारी बसलेल्या तिच्या धाकट्या भावाकडे बघितलं, आणि भाऊने मान खाली घातली. ताईला त्या बघण्याचा अर्थ चांगला ठाऊक होता. वर्षभर ती तेच बघत होती. पाहुणे तसंच बघायचे, शेजारीण तसंच बघायची. बिचारीचे कान गेलेत.

कान गेले होते, यात खोटं काही नव्हतं. ताईने अठरा वर्षं पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडणाऱ्या कारखान्यात प्रेस चालवला होता. भाऊचं कॉलेज त्या प्रेसवर झालं, घरावरचा पत्रा त्या प्रेसवर चढला, आणि ताईच्या कानांतले बारीक आवाजही त्यानेच खाल्ले. कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली होती, डावीकडे सरळ चाललेली आणि उजवीकडे धाडकन खाली आलेली. घड्याळाचा गजर तिला ऐकू येत नसे. दारावरची बेल वाजली की भाऊ उठायचा आणि ताई विचारायची, "आता कुठे निघालास?" यावर दोघं पूर्वी हसायचे. हल्ली भाऊ हसत नव्हता, आणि ताईला त्याचाच जास्त राग होता.

चार गाण्यांचं रेकॉर्डिंग होतं. गाणारा भाऊ, गिटारवर ताई. तिसऱ्या गाण्याच्या मध्ये दीड मिनिट भाऊ गप्प बसायचा आणि एकटी गिटार बोलायची. ते दीड मिनिट ताईचं होतं. कारखान्यातून आल्यावर मागच्या खोलीत दार लावून तिने ते दोन वर्षं घडवलं होतं. त्याच दीड मिनिटावर सकाळपासून घोडं अडलं होतं. शेवटी बारा वाजता भाऊने तोंड उघडलं.

"ताई, आज जमलं तर जमलं. नाहीतर उद्या मास्तरांना बोलवू, मी त्यांना विचारून ठेवलंय. तेवढाच तुकडा ते वाजवतील."

मास्तर म्हणजे भाऊच्या ओळखीतले गिटारचे क्लास घेणारे एक गृहस्थ. हात साफ, केस साफ, सूरही धुऊन इस्त्री केलेले.

"माझी चाल मास्तर वाजवणार?"

"चाल तुझीच राहील. नाव तुझंच असेल."

"नावाचं काय लोणचं घालू?" असं म्हणून ताई डबा घेऊन खाली गेली. जिन्याशेजारच्या बाकावर बसली, झाकण उघडलं, दोन घास खाल्ले आणि पुन्हा लावून टाकलं. रडायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं, कारण रडलेल्या डोळ्यांनी वर गेलं असतं तर दोघांनी तिला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं आणि मास्तरांना फोन लावला असता.

अर्ध्या तासाने ती वर आली. काचेपलीकडे दोघं फारच गुणी चेहरे करून बसले होते. ताईने गिटार गळ्यात घातली, सगळ्यात जाड तारेवर चार-पाच सूर जोरात मारले, तारांवर तळहात ठेवला आणि थांबली.

तिच्या जोडणीत नेमकं इथेच सगळं घडायचं. जोरात मारलेला नवा सूर मागच्या प्रतिध्वनींना ॲम्पच्या आत दाबून टाकायचा, त्यांना डोकंच वर काढू द्यायचा नाही. ती थांबली, की दबलेले सगळे उसळून वर यायचे. चाल उभी होती ती त्या उसळीवर. मारायचं, थांबायचं, त्यांना उठू द्यायचं आणि ते पुरते उठायच्या आत त्यांच्या तोंडावर पुढचा सूर मारायचा.

आत्ता कोणी उसळलं नाही. प्रतिध्वनी शाळा सुटल्यावर रांगेत निघालेल्या पोरांसारखे आले. एक, दोन, तीन, प्रत्येक आधीच्यापेक्षा हळू. मग शांत.

"वा!" भाऊ काचेपलीकडून म्हणाला. "बघ, आता किती छान येतंय!"

"केबल कोणी काढली?" ताईने विचारलं.

"कुठली केबल?" रेकॉर्डिस्टने कानावर हात ठेवले.

ताई ॲम्पच्या मागे गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्या दोन भोकांतून दोन केबली उपटून काढल्या. त्या तशाच हातात धरून ती काचेसमोर येऊन उभी राहिली. भाऊचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला कळणार नाही असं वाटलं," तो बोलून गेला. बोलून गेल्यावर त्याला कळलं, की यापेक्षा दुसरं काहीही बोललो असतो तरी चाललं असतं.

ताईच्या छातीत खरंच दुखलं. वीस वर्षं ज्याला हाताशी धरून चालवलं, तो तिच्या पाठीमागे तिची परीक्षा घेत होता, आणि ती नापास होणार हे धरून चालला होता.

"बाहेर ये," ती म्हणाली. "काचेमागून बोलू नकोस. इथे ये."

भाऊ आला. मागोमाग रेकॉर्डिस्टही आला, कारण त्याला एकट्याला आत बसवेना.

"माझे कान गेलेत," ताई म्हणाली. "गजर ऐकू येत नाही, बेल ऐकू येत नाही. तुझ्या गाण्यातले स, श मी तुझ्या ओठांवरून ओळखते. त्यावर मी कधी काही बोलले? तुझा श वाईट आहे म्हणाले? जे मला ऐकू येत नाही त्यात मी नाक खुपसत नाही. मग जे मला ऐकू येतं त्यात तुम्ही दोघं कशाला नाक खुपसता?"

"ताई, मला तुझी काळजी..."

"माझी काळजी होती तर मला विचारायचं होतंस. माझ्या माघारी केबली काढणं ही कसली काळजी? तुला लोक काय म्हणतील याची काळजी होती. बहिरी बाई घाण वाजवते आणि भाऊ वाजवू देतो, असं म्हणतील. म्हणू देत की!"

रेकॉर्डिस्टने हळूच विचारलं, "पण ताई, पहिल्याच झटक्यात कसं ओळखलंत?" या वेळी त्याच्या आवाजात कीव नव्हती. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तू तुझ्या पडद्यावर ऐकतोस. मी दोन सुरांच्या मधल्या जागेत ऐकते. तिथे बारीक आवाज लागत नाहीत."

तिने स्वतःच्या हाताने केबली लावल्या. गिटारमधून पेडल, पेडलमधून ॲम्प. मागची भोकं रिकामी. ॲम्पचा गेन, म्हणजे सूर फाडणारं बटण, होता त्याहून एक काटा वर नेला, मुद्दाम, दोघांच्या डोळ्यांदेखत. रेकॉर्डिस्ट निमूटपणे आत गेला आणि खूण केली. भाऊला तिने जाऊ दिलं नाही, ॲम्पसमोर स्टुलावर बसवलं.

दीड मिनिट ती वाजवत होती. सूर एकमेकांवर चढले, चिरडले गेले, ती थांबली की अंगावर आले आणि पुढच्या फटक्याला पुन्हा खाली गेले. चिखल होताच. पण त्यात कोण कुठे पाय टाकतंय हे तिला पुरतं माहीत होतं, आणि दुसऱ्या उसळीला भाऊ स्टुलावर पाठ ताठ करून बसला. शेवटचा सूर तिने मारला आणि मागच्या सगळ्यांना संपेपर्यंत बोलू दिलं.

"आलं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सेफ्टीला अजून एक घेऊ या?"

"नको," ताई म्हणाली. मग ती भाऊकडे वळली. "मास्तरांना फोन कर. उद्या येऊ नका म्हणावं."

"करतो. घरी गेल्यावर..."

"आत्ता. माझ्यासमोर. आणि मोठ्याने बोल, मला ऐकू आलं पाहिजे."

भाऊने फोन लावला. मास्तरांना पहिल्यांदा सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं होतं, ताईचं झालं नाही. म्हणून त्याने दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने सांगितलं, "नाही, नाही, यायची गरज नाही. तो तुकडा माझ्या बहिणीनेच वाजवलाय."