चौसष्ट वॅट

वसंतानं बल्बच्या होल्डरची एक वायर सोडवली, मधे मीटर जोडला आणि काट्याकडं बघत राहिला. खोक्यात दोनशे वॅटचा बल्ब जळत होता. म्हणजे आपला म्हणायला जळत होता. आतली तार नुसती तांबडी दिसत होती. तिच्याखाली कापसात गुंडाळलेली उषाची पोर निपचित पडली होती.

उषा त्याची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. परवा, सातव्या महिन्यातच मोकळी झाली. पोर जेमतेम सव्वा किलोची. डॉक्टर म्हणाले होते, "या थंडीत जीपमधून औरंगाबादला न्याल तर वाटेतच जाईल. दोन-तीन दिवस उबेत ठेवा, तग धरली तर बघू."

गोजरबाईनं, त्याच्या आईनं, घरातल्या प्रत्येक बाळंतिणीला केली तशी बाजेखाली शेगडी पेटवली होती. वसंतानंच ती उचलून अंगणात नेऊन विझवली. एवढ्याशा छातीला धूर सोसायचा नाही म्हणाला. घनसावंगीत जळालेल्या पाण्याच्या मोटारींची वायंडिंग भरून देण्याचं त्याचं दुकान, वीज म्हणजे त्याच्या हातचा मळ. फळांच्या लाकडी खोक्याला आतून गोधडी ठोकून त्यानं पेटी केली, वर बल्ब टांगला. पहिले दोन दिवस पोर गुलाबी झाली. शेजारपाजारच्या बाया पेटी बघून गेल्या, आणि वसंताची छाती जरा फुगलीही.

आठ दिवस बंद असलेली शेतीची लाइट आजपासून दिवसा सुरू होणार, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. सकाळी तीन फेज आली, ऑटोवर टाकून ठेवलेल्या शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या, दाब पडला आणि घरातला दिवा मान टाकून बसला.

"निम्मी तं निम्मी, ऊब हाये ना?" गोजरबाई म्हणाली.

वसंतानं खडूनं भिंतीवरच मांडलं. व्होल्टेज दोनशे तीसच्या जागी एकशे दहा. करंट पॉइंट अठ्ठावन्न. भागिले, तर तारेचा रोध एकशे नव्वद ओहम. काल पूर्ण दाबाला तो दोनशे पासष्ट होता. तार गार पडली की रोध उतरतो, त्यामुळं करंट थोडा जास्त, एवढीच काय ती मेहेरबानी. गुणिले, तर चौसष्ट वॅट.

"निम्मी न्हाई, माय. तिसरा हिस्सा बी न्हाई."

घरातले चाळीसचे दोन बल्ब काढून त्यानं पेटीत टांगले. तेही मिणमिणले. त्यानं पोरीच्या तळपायाला बोट लावलं आणि तसाच उठला.

पहिल्यांदा विहिरीवर जाऊन स्वतःची मोटार बंद केली. धाकटा भाऊ भुजंग पिकात पाण्याची दारं धरत होता. वसंता पळत घरी आला, मीटर लावला. काटा तीन व्होल्टनं सरकला होता.

मग तो तातेरावाच्या उसात गेला. तातेराव वडिलांचा दोस्त, मनानं वाईट माणूस नव्हे.

"काका, दिवसभर मोटार बंद ठेवा. पोर गार पडून राह्यली."

"आरं, आठ दिवसानं पाळी आली पाण्याची. अन् माझ्या एका मोटारीनं काय होतंय? समद्यांनी केली तं मी बी करतो, जल्दी करतो."

एका मोटारीनं काय होतं ते तो आताच मोजून आला होता. पुढच्या बांधावर हेच उत्तर, त्याच्या पुढच्यावरही हेच. सगळे खरंच बोलत होते, म्हणून भांडायलाही जागा नव्हती.

परतताना त्यानं सरपणाला पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेतला. दारातूनच म्हणाला, "माय, शेगडी पेटव." बोलताना त्याची मान वर झाली नाही.

"पेटवली मघाच."

शेगडीत निखारे फुलले होते. गोजरबाई शेजारी बसली होती, पोर तिच्या पदरात होती. ती पोरीला निखाऱ्याकडं धरत नव्हती की हलवतही नव्हती. उषा बाजेवर तापात, भिंतीकडं तोंड करून झोपली होती.

वसंतानं हात पुढं केला. गोजरबाईनं पदर बाजूला सारला. त्यानं तळपायाला बोट लावलं, मग पोटाला, आणि बोट तिथंच राहिलं.

"तिला उठवू नको," गोजरबाई हळूच म्हणाली. "झोपू दे तेवढं."

भारा अजून त्याच्या डोक्यावरच होता. तो त्यानं आवाज न करता उतरवला. किती वेळ भिंतीला टेकून बसला कुणास ठाऊक.

दिवस कलला, शेतीची लाइट गेली, शिवारातल्या मोटारी एकदम थांबल्या आणि पेटीतले तिन्ही बल्ब लख्ख पेटले. रिकाम्या कापसाकडं बघवेना इतका उजेड पडला. गोधडीतून ऊब वर येऊ लागली. दोनशे अन् चाळीस-चाळीस, दोनशे ऐंशी वॅट, बराबर हिशोबाबरहुकूम.

अंगणात चपला वाजल्या. तातेराव घामाघूम होऊन दारात उभा होता. शेतीची लाइट गेल्याचा त्याला पत्ताच नसावा.

"वसंता, मन खाऊन राह्यलं होतं रं. आत्ता मोटार बंद केली अन् तसाच निघालो." त्याची नजर आत गेली, तोंड उजळलं. "आरं, काय उजेड पडलाय! म्हंजे एका मोटारीनं बी फरक पडतो म्हण की!"

वसंतानं त्याच्याकडं पाहिलं. म्हातारा लहान पोरासारखा हसत होता.

"पडतो, काका."

तातेरावाच्या आवाजानं बाज करकरली. उषानं कूस बदलली, उजेडानं डोळे बारीक केले.

"आली का रे दादा लाइट?" ती म्हणाली. "मंग घेऊ का तिला जरा पाजायला?"

वसंतानं बल्बच्या बटणावर हात ठेवला, पण दाबलं नाही.