मिसळलेले नमुने

खोलीत शिलाईची अकरा मशिनं होती, त्यांतली दोन बंद. जीन्सचे तीन ढीग, एक पंखा, आणि भिंतीला लागून एक पांढरं बेसिन. उल्हासनगरच्या या पहिल्या मजल्यावर पूर्वी मूल होत नसलेल्यांसाठी दवाखाना होता. माझी सुरुवात इथलीच, एका अनोळखी दात्यापासून. आईने हे मला एमएस्सी झाल्यावर सांगितलं. तेव्हापासून मी त्या माणसाला शोधत होते. डीएनए जुळवून नातेवाईक शोधणाऱ्या परदेशी साइटला लाळ पाठवली, तिथे दूरचे दोन नातेवाईक निघाले. दोघांनीही उत्तर दिलं नाही.

"डॉक्टर केव्हाच वारले, मॅडम," कारखान्याचे सिंधी मालक म्हणाले. "सगळं सामान भंगारात गेलं. तुम्ही चौथ्या आहात विचारायला येणाऱ्या. पहिलीला मी चहा पाजला होता."

आम्हाला त्यांनी पाणी दिलं.

पप्पा सोबत आले होते. मांजर्लीच्या घरून निघताना एवढंच म्हणाले, "जागा मला माहीत आहे." आता ते एका गठ्ठ्यावर बसून बेसिनकडे बघत होते.

"हे तेव्हाचंच. इथं हात धुऊन मी नमुन्याची बाटली दिली होती."

"तुम्ही कशाला दिलीत?"

"माझं पण घ्यायचे. माझ्यात कमी होतं, अगदीच नव्हतं असं नाही. डॉक्टर माझं आणि दात्याचं एकत्र मिसळायचे. म्हणाले, धर्मराज, आता घरी जा आणि कधी तपासू नका. कुणाचं लागलं ते मलासुद्धा कळणार नाही."

मीही गठ्ठ्यावर टेकले. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत मी रोज मिश्रणं तपासते.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं? तू माझ्याकडे त्याचाच पत्ता मागत होतीस."

बाप-लेकीच्या डीएनए तपासणीचं किट मी घरी आणलं. ते बरेच दिवस फ्रिजवर पडून होतं. पप्पा रोज त्याच्या बाजूची पाण्याची बाटली उचलायचे, किटला हात लावायचे नाहीत. शेवटी मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "देऊन टाका एकदाचं. हिला झोप नाही, तुम्हाला नाही, आणि तुमच्या दोघांमुळे मला नाही."

"सत्तावीस वर्षं अर्धं-अर्धं धरून चाललोय, अंजनी. काय वाईट चाललं होतं?"

"नको असेल तर राहू द्या, पप्पा," मी म्हणाले. मला खरंच चाललं असतं. मी दमले होते.

त्यांनी फ्रिजवरचं किट उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "ह्यात बघतात काय नेमकं?"

"डीएनएमधल्या एकवीस जागा. बाप असेल तर सगळ्या जुळतात. एखादी चुकली तर चालतं."

"म्हणजे काठावर पास नाही."

"नाही."

"शाळेत असताना मी काठावरच सुटायचो," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं. गालाच्या आतून कापूस फिरवताना माझी बोटं त्यांच्या दाढीला लागत होती.

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा पप्पा बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. माझ्या चेहऱ्याकडे न बघता त्यांनी एक शर्ट झटकला.

"आला?"

"हो."

"किती?"

"एकवीसपैकी बारा."